वर्ग सुटतो, नोकरी नाही

इंग्लंडमध्ये नव्याने लागलेल्या शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षक पाच वर्षांच्या आत शाळा सोडून जातात. तिथलं सरकार दरवर्षी त्याची मोजदाद छापतं आणि त्यावर वाद झडतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेची कायम झालेली नोकरी सहसा कुणी सोडत नाही, म्हणून शिक्षक टिकवायचे कसे हा प्रश्न आपला नव्हेच असं आपण धरून चालतो. मला तो आपल्याकडे जास्त बिकट वाटतो. आपला शिक्षक राजीनामा देत नाही. हजेरीपटावर राहतो, पगारपत्रकावर राहतो आणि हळूहळू वर्गातून निघून जातो. त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मला भेटलेल्या अनेक शिक्षकांचं बोलणं मी एका मामा-भाचीच्या तोंडी घातलं आहे. मामा 1976 साली प्राथमिक शिक्षक म्हणून लागले आणि 2014 साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, त्यातली बरीचशी माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात. भाचीने डी.एड. केलं त्याच सुमारास भरती थांबली. मधली वर्षं एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर गेली. 2013 ची शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, 2017 ची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल असं करत 2019 मध्ये ती लागली, ती पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या डोंगरात. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट 38.

मे महिन्याची सुट्टी आहे. भाची माहेरी आली आहे आणि तिला 'कामगिरी'वर बोलावणं आलं आहे. पगार निघणार शाळेवरून, काम करायचं तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, संगणकासमोर. मामांच्या कानावर हे गेलं आणि ते सकाळीच येऊन बसले.

मामा : तुझी आई म्हणाली म्हणून विचारतो. जायचं पक्कं केलंस?

भाची : अजून हो म्हटलं नाही. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला. मला एक्सेल येतं, पोर्टलं झटपट भरता येतात, म्हणून मी हवी आहे त्यांना.

मामा : आणि वर्ग?

भाची : वर्ग तसाही सुटलाच आहे, मामा. वर्गात बसून मी पोर्टलच भरते. ऑफिसात बसून भरलं तर निदान समोर वाट बघणारी पोरं दिसणार नाहीत.

मामा : हे बोलणं मला आवडलं नाही. कामं आम्हाला नव्हती का? मी लागलो तेव्हा आणीबाणी चालू होती. नसबंदीच्या केसेस आणा म्हणून मास्तरांना कोटा ठरवून दिलेला. कोवळा पोरगा मी, मिसरूडही धड फुटलेलं नाही, आणि चार लेकरांच्या बापाला जाऊन काय सांगायचं ते सांगत होतो. पुढं जनगणना, निवडणुका, नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान, पल्स पोलिओ. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर पोरं आईबापांबरोबर जायची, त्यांना शोधून आणायचं. हे सगळं करून आम्ही शिकवलं. कुणी म्हणालं नाही की मला वर्ग नको.

भाची : जनगणना दहा वर्षांनी यायची. घरं मोजून झाली की वही जमा, तुम्ही परत वर्गात. माझं काम संपत नाही, मामा. रोज सकाळी उठून तेच.

मामा : रोज काय असतं असं?

भाची : ऐका. गेल्या गेल्या हजेरी. कागदावर घेतली की मोबाइलवर परत. मग तांदूळ. पहिली ते पाचवीला डोई 100 ग्रॅम, म्हणजे आज किती हजर ते बघून तांदूळ मोजून द्यायचा, डाळ, तेल, मीठ-मसाला मोजायचा, शिल्लक वहीत लिहायची. खिचडी झाली की पोरांच्या आधी अर्धा तास आम्ही चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची. किती ताटं झाली ते पोर्टलवर टाकायचं. मधे आठवड्यातून एक दिवस अंडीही आणायची होती, ती कुठून? गावात दुकान नाही. मधेच ग्रुपवर मेसेज, अमुक दिन साजरा केल्याचे फोटो 12 वाजेपर्यंत. युडायस, सरल, शालार्थ अशी माहिती भरायची पोर्टलं आहेत. गेली दोन वर्षं प्रत्येक पोराचा अपार आयडी. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. बापाला घेऊन तालुक्याला जायचं, त्याची दिवसाची मजुरी बुडते, तो माझ्यावर चिडतो. त्यात मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. मतदारयादी आता वर्षभर चालते.

मामा : दोन शिक्षक आहात ना?

भाची : मुख्याध्यापकांचा चार्ज दुसऱ्या सरांकडे. सर मीटिंगला, बँकेत, तालुक्याला गेले की शाळा माझी. पाच इयत्ता, दोन खोल्या.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं मिळालं पाहिजे, आणि शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत उद्याच्या तासाची तयारीही धरलेली आहे. मतदारयादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितलं होतं की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. 2024 मध्ये राज्य शासनाने कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची यादीही काढली. शिक्षकांची तक्रार अशी की ज्यांचा जाच होतो त्यातली बरीचशी कामं शैक्षणिकच्या यादीत जाऊन बसली. कायदा कमी पडतो असं मला वाटत नाही. 200 दिवस मोजले जातात, ते 800 तास मोजायला मात्र कुणी वर्गाच्या दारात उभं नसतं. शाळा उघडी होती, शिक्षक हजर होता, एवढ्यावर दिवस भरतो.

मामा : फोन उचलू नये मग. आम्हाला साहेब वर्षातून एकदा दिसायचे, वार्षिक तपासणीला. महिना आधी फळा रंगवायचा, पोरांचे पाढे घ्यायचे. एरवी मी आणि माझा वर्ग. मधे कुणी नाही.

भाची : तेच तर सांगते. तुम्हाला ते मिळालं, म्हणून तुम्ही टिकलात. तुम्ही त्याला व्रत म्हणता.

मामा : म्हणजे आमची निष्ठा काही नव्हती?

भाची : होती. पण त्या निष्ठेला दिवसाचे पाच तास मोकळे मिळत होते. मला सलग पंधरा मिनिटं मिळत नाहीत. एक सांगू? दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुसरीतला एक पोरगा, वजाबाकीत अडकलेला. बेचाळीसमधून सतरा. त्याच्यापुढं दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. तो दोन काड्यांकडे बघतोय, सात कसे द्यायचे म्हणून. मी काहीच बोलले नाही. बघत राहिले. बराच वेळ गेला. मग त्याचा हात एका गठ्ठ्याकडे गेला, रबराशी. त्याचं त्याला सुचलं होतं, मामा, की गठ्ठा सोडायचा. आणि फोन वाजला.

मामा : नाही घ्यायचा.

भाची : आधीचे दोन घेतले नव्हते. रेंजसाठी दाराबाहेर जावं लागतं. शाळेला संरक्षक भिंत आहे का, असल्यास किती मीटर, माहिती आजच्या आज. जूनमध्ये हीच माहिती दिली होती. मी परत आले तर काड्या पहिलीतल्या पोरांच्या हातात, आणि हा खिडकीत. मी त्याला परत बसवला, परत गठ्ठे बांधले. पण आता त्याला माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी सांगितलं, त्यानं लिहिलं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर तो भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला. मी त्याचं शिक्षण हमी पत्रक भरून दिलं. ते मात्र वेळेत भरलं.

मामा काही बोलले नाहीत. शिक्षक म्हणून 38 वर्षं काढलेल्या माणसाला त्या रबराशी गेलेल्या हाताचं मोल सांगावं लागत नाही. हातच्याची रीत शिकवता येते, पण गठ्ठा सोडायचं स्वतःला सुचणं एकदाच घडतं. त्या वेळी शिक्षकाने तिथे असायचं असतं, आणि तिथे असण्यासाठीच त्याला नेमलेलं असतं.

मामा : पोरं भट्टीवर जातात हे काय आजचं आहे? तुझ्याच जिल्ह्यात, डहाणूच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी पोरांना शिकवत होत्या. वीज नाही, रस्ता नाही. त्या थकल्या म्हणून परत गेल्या का?

भाची : कोसबाडला मी जाऊन आलेय. त्यांनी काय केलं सांगा. पोरं गुरं चारायला रानात जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच रानात नेली. कुरणशाळा. त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, कुठल्या ॲपवर शाळेच्या आवारातून हजेरी टाकावी लागली नाही. मला उद्या वाटलं की चार दिवस भिवंडीला जावं, माझी बारा पोरं तिथं भट्टीवर असतात, त्यांना तिथंच शिकवावं, तर? आधी अर्ज, मग तो अर्ज कुठल्या नियमात बसतो ते बघणार, तोवर होळीला पोरं घरी येतात. मामा, त्या बाया थकत नव्हत्या असं नाही. पण सुचलेलं त्यांना करता येत होतं.

मामा : साने गुरुजींचा फोटो प्रत्येक शाळेत असतो. त्यांच्याकडं बघून तरी...

भाची : साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत सहाच वर्षं होते. 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

मामा : ते कंटाळून नाही गेले.

भाची : मीही कंटाळले नाही. हेच तुम्हाला कळत नाहीये. पोरांचा मला कधीच कंटाळा आला नाही.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याच जागी आपली गफलत होते. थकलेल्या शिक्षकाला आपण कंटाळलेला समजतो आणि प्रेरणादायी व्याख्यान ऐकवतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी शिक्षक, परिचारिका, समाजसेवक अशा माणसांत राबणाऱ्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या. मनाची ताकद संपून जाणं, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याशी कोरडेपणाने वागू लागणं आणि आपल्या हातून काही भलं होत नाही असं वाटत राहणं. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं, असं म्हटलं. म्हणजे औषध माणसाला द्यायचं नसून कामाची मांडणी बदलायची असते. यातली दुसरी खूण शिक्षकाच्या बाबतीत सगळ्यात घातक. पोरगं समोर आलं की त्याचा चेहरा दिसण्याआधी त्याचं आधार जुळलं आहे की नाही हे आठवू लागतं. भाचीने हे मला वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं, पण तिला कामगिरीवर जावंसं वाटतं ते बहुधा याच भीतीने. पोरांशी कोरडं वागण्याआधी ती निघून जाऊ पाहते आहे.

मामा : बरं, तुझं सगळं खरं. आता माझं एक ऐक, राग येऊ देऊ नकोस. तुम्ही गावात राहत नाही. मी ज्या ज्या गावात नोकरी केली, तिथं राहिलो. संध्याकाळी पारावर बसायचो. कुणाच्या घरात काय चाललंय मला ठाऊक असायचं. माझ्या पाठीशी गाव होतं, त्यामुळं साहेबसुद्धा जपून बोलायचे. तुम्ही सकाळी गाडीवर येता आणि पाचला जाता. मग गाव म्हणतं, पगार घेतात आणि जातात. विधानसभेतही हेच बोललं गेलं.

भाची : 2022 साली. मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडं घेतात म्हणून. मामा, तुम्ही राहिलात तेव्हा मामी बरोबर होत्या, पोरं त्याच शाळेत होती. माझा नवरा पुण्यात, मुलगा सासूकडे. पाड्यावर भाड्यानं द्यायला खोली कुणाकडं नाही. मी तालुक्याला खोली घेऊन राहते, पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की चालत जाते. बाई माणसानं एकटीनं पाड्यावर राहायचं असेल तर शाळेजवळ दोन खोल्या बांधा की. तलाठ्याला, ग्रामसेवकाला, आम्हाला, तिघांना मिळून बांधा.

मामा : तेही खरं.

भाची : पण तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही. गाव पाठीशी नाही, हे बोचतं. पहिल्याच वर्षी कोरोना आला. आम्ही चेकपोस्टवर उभे राहिलो, घरोघरी ऑक्सिजन मोजत फिरलो, 6,000 रुपये मानधनावर. शिक्षणसेवक होते ना मी. आणि लोक म्हणत होते, शाळा बंद, मास्तरांना फुकट पगार.

शिक्षणसेवक ही व्यवस्था महाराष्ट्रात 2000 सालापासून आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर काम करतो. प्राथमिकला बरीच वर्षं 6,000 रुपयांवर अडलेलं हे मानधन 2023 मध्ये 16,000 झालं. वाढ मोठी दिसते. पण या नोकरीत माणूस येतो तो तिशीच्या आसपास, लग्न झालेला, एखादं लेकरू असलेला, कारण मधली वर्षं भरतीची वाट बघण्यात गेलेली असतात. ज्या तीन वर्षांत तो शिकवायला शिकतो, उभा राहतो, त्याच वर्षांत त्याला घर चालवायची भ्रांत असते. एकेकाळी बारावीला वर्गात पहिली येणारी खेड्यातली मुलं-मुली डी.एड.ला जायची. आज अध्यापक विद्यालयांच्या जागा रिकाम्या राहतात, अनेक विद्यालयं बंद झाली. जे आले त्यांचं काय झालं हे बघूनच धाकटी भावंडं दुसरीकडे वळली.

त्यात आता 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार. मुलांना पात्र शिक्षक मिळावा या हेतूशी माझा वाद नाही. पण वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसवण्याआधी त्याला वाचायला, शिकायला वेळ कधी दिला होता, हे विचारायला हवं. भाचीचे ते दुसरे सर पंचेचाळिशी ओलांडलेले आहेत. मीटिंगहून परतताना एसटीत ते टीईटीची गाइडं वाचतात.

मामा : मला एक सांग. एवढं सगळं असून तू 2019 पासून तिथं टिकलीस कशी? काहीतरी असेल.

भाची : सुरुवातीला एक बाई होत्या, शेजारच्या पाड्यावरच्या शाळेत. त्यांना वारली येते. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्यांच्याकडं बसायचो. माझी पहिलीची पोरं बोलत नव्हती. म्हणाल्या, तू त्यांच्या भाषेत चुकत बोल, मग ती तुला हसतील आणि दुरुस्त करतील. तसंच झालं. पोरं मला शिकवायला लागली आणि त्यातच वाचायला लागली. त्या बाईंची बदली झाली. तेव्हापासून पोरांबद्दल बोलायला कुणी नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, ग्रुपवर तीस-चाळीस जण आहोत, पण तिथं नुसते तक्ते आणि लिंका.

मामा : हे बघ, आता तू माझ्या मनातलं बोललीस. निवृत्तीच्या तोंडावर मी कुमठे बीटातल्या शाळा बघायला गेलो होतो, आपल्याच साताऱ्यातल्या. फरशीवर आकडे, अक्षरं, चित्रं आखलेली, पोरं खाली बसून आपलं आपण करताहेत. मला नवल पोरांचं नाही वाटलं, मास्तरांचं वाटलं. ते एकमेकांच्या वर्गात जाऊन बसत होते. कुणाचं जमलं नाही तर तिथंच वाद घालत होते. एवढी नोकरी झाली माझी, पण दुसऱ्याच्या वर्गात मी कधी बसलो नव्हतो. वाटलं, अजून पाच वर्षं मिळायला पाहिजे होती.

भाची : तिथं बघून सगळ्या राज्यात तसंच करायचं ठरलं. आम्हाला ते आलं तेव्हा फरशी रंगवल्याचा फोटो पाठवा म्हणून आलं.

मामा : तेवढं सोडून दे. दर महिन्याला शिक्षण परिषद होते ना केंद्राची? तिथं पोरांविषयी बोला. तुम्हीच बोला. काडीच्या गठ्ठ्याचं तिथं सांग.

भाची : तिथं पहिले दोन तास वरून आलेल्या सूचना वाचतात. मग चहा.

मामा : मग तेवढं मागा! रडत काय बसता? मला तुझ्या पिढीचं हे पटत नाही. एक तर सोसता, नाही तर ऑफिसात पळता. आम्ही सोसलं, पण मागितलंही. 1977 च्या डिसेंबरात 54 दिवसांचा संप सुरू झाला. माझी नोकरी दीड वर्षाची. पगार नाही, घरून भाकरी यायची. गावातलेच लोक म्हणत होते, मास्तरांना माज आला. तरी हललो नाही.

भाची : संप तुम्ही महागाई भत्त्यासाठी केलात. आम्हीही 2023 ला जुन्या पेन्शनसाठी केला. वर्गातल्या वेळेसाठी संप कुणी केलाय?

मामांना याचं उत्तर नव्हतं. मला वाटतं ते कुणाकडेच नाही. शिक्षक संघटना पगार, पेन्शन, बदली यावर लढल्या आणि त्या लढायाच हव्या होत्या. पेन्शनची खात्री नसलेला माणूस निर्धास्तपणे शिकवू शकत नाही. पण दोन तास अखंड शिकवू द्या, या एका मागणीसाठी आझाद मैदान भरलं आहे असं मी पाहिलेलं नाही. अशैक्षणिक कामांविरुद्ध मोर्चे निघाले, बहिष्कार झाले. ते कामाचं ओझं नको म्हणून होते. वेळ हवा म्हणून मागणं ही जरा वेगळी गोष्ट आहे, कारण वेळ मागितला की त्या वेळात काय केलं याचा जाबही द्यावा लागतो. भाचीसारख्यांना तो द्यायचा आहे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे.

भाची : मी एक पत्र लिहिलंय. पाठवलं नाही अजून. साहेबांना द्यायचं, कामगिरीला हो किंवा नाही म्हणण्याआधी.

मामा : दाखव.

पत्र वहीच्या पानावर होतं. शाळेच्या वेळेत माहितीसाठी फोन करू नयेत, शाळा सुटल्यावर करावेत. केंद्रातल्या दहा-बारा शाळांना मिळून एक संगणक चालवणारा माणूस द्यावा, पोर्टलं त्याने भरावीत, आम्ही कागदावर माहिती देऊ. एकदा दिलेली माहिती त्याच वर्षात परत मागू नये. शिक्षण परिषदेतला निम्मा वेळ शिक्षकांना आपल्या वर्गाबद्दल बोलायला मिळावा. भट्टीवर गेलेल्या मुलांसाठी डिसेंबर ते मार्च दर महिन्याला दोन दिवस तिथे जाऊन शिकवायची परवानगी असावी.

मामांनी खिशातून पेन काढलं. तीन ठिकाणी 'नम्र विनंती' होतं, त्यातली दोन खोडली. पहिल्या मागणीच्या पुढे 'शिक्षण हक्क अधिनियम, कलम 27 पाहावे' असं लिहिलं. भट्टीच्या मुद्द्याखाली रेघ मारली.

मामा : हा मुद्दा सगळ्यात वर घे. यात तू स्वतःसाठी काही मागत नाहीस, याला नाही म्हणायला साहेबांनाही जड जाईल. आणि एकटीच्या सहीनं देऊ नकोस. एकटीचं पत्र फाइलला लागतं. केंद्रातल्या सगळ्यांच्या सह्या घे.

भाची : देतील का? निम्मे बदलीची वाट बघताहेत. साहेबांचा रोष कुणाला हवाय?

मामा : निम्म्यांच्या तरी घे.

भाची : आणि कामगिरीचं काय सांगू?

मामा : मला विचारशील तर जाऊ नकोस. तू गेलीस की पाच इयत्ता आणि एक मास्तर, आणि तोही मीटिंगला. पण ते मी सांगून काय उपयोग? तुझी तब्येत, तुझं लेकरू, तुझं तू बघ. पत्र मात्र आधी दे. जायचंच झालं तर ते दिल्यावर जा, म्हणजे का गेलीस ते तरी कागदावर राहील.

भाची : उत्तर आलं नाही तर?

मामा : महिनाभर थांबायचं, मग स्मरणपत्र. जावक क्रमांक टाकायला विसरू नकोस. आणि पोच घे, शिक्क्यानिशी.

भाचीने कोरा कागद घेतला आणि भट्टीच्या मुद्द्यापासून पत्र पुन्हा लिहायला घेतलं. मामा शेजारी बसून केंद्रातल्या शाळांची नावं एकेक करून विचारत होते, आणि कुठल्या शाळेत कोण आहे, कोण सही देईल, हेही.